पंधरा मिनिटं खाजवायचं नाही!

हातावर पेनाने काही लिहिलं की घरी ओरडा बसतो ना? पण अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा, त्या स्वतःच पेन उघडतात आणि तुमच्या हाताच्या आतल्या बाजूवर, मनगटापासून कोपरापर्यंत, आकडे लिहीत जातात. प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब. एका थेंबात शेंगदाण्याचा अर्क, दुसऱ्यात अंड्याच्या पांढऱ्याचा, तिसऱ्यात गवताचे परागकण, चौथ्यात झुरळ. हो, झुरळ! कुणीतरी झुरळाचा अर्क काढतं, गाळतं, बाटलीत भरतं आणि वर लेबल लावतं. जगात काय काय नोकऱ्या असतात!

मग थेंबाथेंबातून एक बारीकशी टोचणी. तिचं टोक जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. ते कातडीच्या अगदी वरच्या थरापर्यंत जातं, त्यामुळे सहसा रक्तही येत नाही. टुच्च होतं, एवढंच. दोन थेंबांमध्ये निदान दोन सेंटिमीटर अंतर ठेवतात, नाहीतर एकाचं उत्तर दुसऱ्यात मिसळायचं. तान्ह्या बाळांचे हात पुरत नाहीत, म्हणून त्यांच्या पाठीवर टोचतात.

यातले दोन थेंब मला सगळ्यात आवडतात. एकात नुसतं मिठाचं पाणी असतं आणि दुसऱ्यात हिस्टामिन नावाचं रसायन. मिठाच्या पाण्याजवळ काहीच व्हायला नको. हिस्टामिनजवळ मात्र खाज सुटून गांधी उठलीच पाहिजे, मग अ‍ॅलर्जी असो वा नसो. मिठाच्या पाण्यानेही गांधी उठली, तर ही कातडी नुसत्या टोचण्यानेच चिडते असं समजायचं. (काही जणांच्या पाठीवर बोटाने जोरात नाव लिहिलं तर ते फुगून वर येतं. खरंच!) आणि हिस्टामिनजवळ काहीच उठलं नाही, तर कुठलं तरी औषध आत बसून कातडीला गप्प करतंय. बहुतेक वेळा ते खाजेचं किंवा सर्दीचं औषध असतं. म्हणून अशी औषधं चाचणीच्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. थांबवायची की नाही, कधी थांबवायची, हे डॉक्टरच ठरवणार. तुम्ही नाही, आणि शेजारच्या काकूही नाहीत. खोकल्याच्या काही सिरपमध्येही तेच औषध लपलेलं असतं, तेव्हा घेतलेलं सगळं सांगून टाकायचं. आणि त्या दिवशी हाताला क्रीम लावायचं नाही, नाहीतर थेंब घसरगुंडी खेळतात.

आता पंधरा-वीस मिनिटं बसून राहायचं. खाज सुटणार, आणि नेमकं तेव्हाच खाजवायचं नाही. इसब असलेल्या मुलाला हे सांगणं म्हणजे छळच आहे, मला मान्य आहे.

त्या वेळात आत काय चाललेलं असतं? आपल्या कातडीत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. दाण्यांनी ठासून भरलेलं डाळिंब असावं ना, तशी एकेक पेशी दिसते, आणि त्या दाण्यांत हिस्टामिन असतं. या पेशींच्या अंगावर आयजीई नावाची प्रथिनं चिकटून बसलेली असतात. ज्याच्या शरीराने शेंगदाण्याविरुद्ध आयजीई बनवून ठेवलंय, त्याच्या कातडीत शेंगदाण्याचा अर्क शिरला की तो या प्रथिनांना जाऊन चिकटतो. दोन शेजारशेजारची प्रथिनं त्याने एकदम पकडली, की पेशी आपले दाणे बाहेर ओतते. हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, तिथली जागा फुगते, भोवती लाल होतं, खाज सुटते. झाली गांधी तयार! डॉक्टर पट्टी लावून ती मोजतात. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा ती निदान तीन मिलिमीटर मोठी असली, तर त्या पदार्थापुढे ‘हो’ लिहितात. तासा-दोन तासांत सगळं मावळतं. क्वचित एखाद्याला जास्त त्रास होऊ शकतो, म्हणून ही चाचणी दवाखान्यातच करतात आणि औषधं हाताशी तयार ठेवतात. घरी टाचणी घेऊन प्रयोग अजिबात करायचे नाहीत.

प्रयोग करणारे होऊन गेलेत बरं का! इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांना दर उन्हाळ्यात शिंकांनी हैराण केलं होतं. त्यांनी स्वतःचीच कातडी खरवडून तिच्यावर गवताचे परागकण लावले, तिथे सूज आली, आणि 1873 साली त्यांनी या सगळ्या प्रयोगांचं पुस्तकच काढलं. त्याहून भन्नाट गोष्ट ब्रेस्लाऊ शहरातली (आज ते पोलंडमध्ये आहे, त्याचं नाव आता व्रोत्सवाफ). तिथल्या हाइन्झ क्यूस्टनर यांना मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना मासे मजेत पचायचे. प्राउस्निट्झ यांनी क्यूस्टनरच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, घेतला आणि आपल्याच पोटाच्या कातडीत टोचला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. आणि काय! मासे पचवणाऱ्या माणसाच्या पोटावर गांधी उठली! म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारं काहीतरी रक्तात असतं, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे नेताही येतं. हे 1921 साली छापून आलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई. त्याचा छडा लागायला मात्र 1966 साल उजाडलं. तो लावणाऱ्यांत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी जोडपं होतं.

आता इसबाकडे येऊ. ज्यांना इसब आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कोपराच्या खाचेत आणि गुडघ्यामागच्या लवणीत चट्टे, रात्री झोपेत खाजवणं, सकाळी चादरीवर डाग. वर घरात येणारा प्रत्येक पाहुणा आपला सल्ला ठेवून जातो: वांगं बंद करा, दूध बंद करा, आंबट बंद करा. म्हणून आईबाबांना वाटतं, चाचणी केली की गुन्हेगार सापडेल, तो पदार्थ ताटातून काढला की इसब गेलाच.

इथे मात्र जपायला हवं. थेंबाला गांधी उठली याचा अर्थ एवढाच, की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई बनवलंय. इसब त्याच्यामुळेच होतो, असा त्याचा अर्थ नाही. मजेत अंडं खाणाऱ्या मुलाच्या हातावरही अंड्याच्या थेंबाला गांधी उठू शकते. इसब असलेल्या मुलांमध्ये तर असं बरेचदा होतं, कारण गोष्ट बहुधा उलटी घडलेली असते. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की इसब असलेल्या अनेकांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. हे प्रथिन कमी पडलं की कातडी कोरडी होते, तिला बारीक फटी पडतात. त्या फटींतून धूळ आणि अन्नाचे कण आत शिरतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई बनवू लागतं. म्हणजे आधी फाटकी कातडी, मग अ‍ॅलर्जी!

म्हणून चांगले डॉक्टर थेंबांआधी प्रश्न विचारतात. काय खाल्ल्यावर त्रास झाला? किती वेळाने? दर वेळी होतो का? ‘अंडं खाल्लं आणि दहा मिनिटांत ओठ सुजले’ हे एक वाक्य दहा थेंबांना भारी पडतं. उत्तरं आणि गांधी जुळल्या तर तो पदार्थ बंद. नाही जुळल्या तर कधीकधी दवाखान्यातच, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, तो पदार्थ कणाकणाने खाऊन बघतात. नुसत्या कागदावरच्या यादीवरून वाढत्या वयाच्या मुलाचं दूध, अंडं, गहू, शेंगदाणे सगळं तोडून टाकणं मला तरी क्रूरपणाच वाटतो. आणि थेंबांचं उत्तर काहीही येवो, आंघोळीनंतर अंग टिपून लगेच मलम लावायचं काम सुटत नाही. हातभर चट्टेच असले आणि टोचायला कोरी जागाच नसली, तर रक्त काढून त्यातलं आयजीई मोजतात.

अजून एक चाचणी आहे, ती मात्र सावकाश चालते. कुणाच्या बेंबीखाली, जीन्सचं धातूचं बटण टेकतं नेमकं तिथेच, चट्टा येतो. कुणाच्या खोट्या कानातल्यांनी कानाच्या पाळ्या चिघळतात. हा बहुधा निकेल धातूचा प्रताप असतो, आणि इथे आयजीईचा संबंध नसतो, तर काही पांढऱ्या पेशी दोन-तीन दिवस घेऊन चिडतात. त्यासाठी पॅच टेस्ट. तिची पद्धत 1895 साली योझेफ याडासोन यांनी दाखवली. तेव्हा तेही ब्रेस्लाऊमध्येच होते, त्या गावाच्या पाण्यात काय होतं कोण जाणे! यात टोचत नाहीत. छोट्या चपट्या वाट्यांत निकेल, रबरातली रसायनं, सुगंधी द्रव्यं भरून त्या चिकटपट्टीने पाठीवर लावतात. त्या 48 तास तशाच राहतात. मग काढून बघतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. आपल्याकडच्या वाट्यांत गाजर गवतही असतं. पांढऱ्या बारीक फुलांचं हे काँग्रेस गवत मूळचं अमेरिका खंडातलं. 1950 च्या दशकात ते पुण्यात लोकांच्या नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं. त्याचे सुकलेले कण वाऱ्याबरोबर उडून चेहऱ्यावर नि मानेवर बसतात आणि काही मोठ्या माणसांचा, खासकरून शेतात राबणाऱ्यांचा, अक्षरशः पिच्छा पुरवतात.

पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवायची नाही. क्रिकेट बंद, सायकल बंद, पाठीवरून पाणी घेऊन आंघोळ बंद. भर मे महिन्यात हे जमवणं कठीणच, घामाने पट्ट्या निघून येतात. म्हणून घाई नसेल तर बरेच डॉक्टर थंडीतली तारीख देतात.