भावा, पाणी किती फुटावर?

जुलै लागला की कोल्हापुरात कॉलेजच्या ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’च्या आधी एक प्रश्न पडतो. ‘भावा, पाणी किती फुटावर?’ लगेच कुणीतरी राजाराम बंधाऱ्याची पातळी टाकतो. पाठोपाठ पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी येते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरापोरींना पाढ्यांसारखं पाठ आहे. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ मध्येही तेच. दोन्ही वेळा हायवे बंद पडला आणि शहर अडकलं. त्यामुळे नदी मोजायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

पण ज्या पुलावर उभं राहून आपण नदीचा रील काढतो, तो पूल आपण कधी नीट बघितलाय का?

कठडा

पन्हाळ्याला जाताना शिवाजी पूल लागतो. ब्रिटिश अमदानीतला, दगडी कमानींचा. इतके महापूर अंगावर घेऊनही उभा, म्हणून आपल्याला त्याचं केवढं कौतुक! पण २६ जानेवारी २०१८ ची रात्र आठवा. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या पुण्याकडच्या कुटुंबाची मिनी बस या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ जण गेले. त्यात लहान मुलंही होती.

त्या रात्री पूल पडला नव्हता. कमानी जागच्या जागी होत्या. तुटला तो कठडा. बैलगाड्या आणि टांग्यांच्या काळात बांधलेल्या दगडी कठड्याकडून वेगातली बस अडवण्याची अपेक्षा कशी करणार? आजच्या पुलांवर जे क्रॅश बॅरिअर असतात, त्यांचं कामच वेगळं. धडकलेलं वाहन अडवायचं आणि पुन्हा रस्त्याकडे वळवायचं. शेजारचा पर्यायी पूल तेव्हा अर्धवट अवस्थेत उभा होता. जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीला पुरातत्त्व कायद्याचं संरक्षण असल्याने परवानगीच्या घोळात त्याचं काम रखडलं होतं. पुढे तो पूर्ण झाला, पण त्या कुटुंबासाठी उशीर झाला होता.

पूल उभा आहे, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. शिवाजी पुलाने आपल्याला शिकवलं ते हे.

बंधारा

आता गावाकडून येणाऱ्यांचं बघू. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. ओळीने खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांमध्ये बर्गे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी ते काढून ठेवायचे. बंधारा बांधला तो पाणी अडवायला. वरून वाट झाली ती सोयीसाठी. म्हणून तो अरुंद असतो, बुटका असतो, अनेक ठिकाणी त्याला कठडाच नसतो आणि पूर आला की सगळ्यात आधी तोच पाण्याखाली जातो.

आणि नेमकं तिथंच कुणीतरी म्हणतं, ‘जातंय की रं! गुडघाभर तर हाय.’

जरा फिजिक्स आठवा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. अर्धा फूट खोल पण जोरात वाहणारं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं. फूटभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते. तिथं दुचाकीचा काय पाड? शिवाय गढूळ पाण्याखाली बंधाऱ्याची कड कुठे संपते, मधला स्लॅब वाहून गेलाय की शाबूत आहे, हे दिसत नाही. रोजच्या जाण्या-येण्याचा सराव तिथं कामाला येत नाही. लेक्चर बुडालं तर नोट्स मिळतात.

पाया

तिसरी गोष्ट वरून दिसतच नाही. पूर आला की खांबाभोवती पाणी भोवरे करतं आणि पायाजवळची वाळू-माती खरवडून नेतं. इंजिनिअर याला ‘स्कावर’ म्हणतात. वर डांबर गुळगुळीत असतं, पट्टे रंगवलेले असतात आणि खाली पाया उघडा पडत असतो.

महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या त्याच्यासोबत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती. नंतर तिथं अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. म्हणजे मनावर घेतलं की काम होतं. प्रश्न एवढाच, की मनावर घ्यायला आधी माणसं जायला लागतात का?

आणि १५ जून २०२५ चा रविवार. मावळातल्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याची सूचना तिथं होती. सूचना होती आणि गर्दीही होती!

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे बघायला शिकायचं. कठडा कुठे तुटलाय? दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवलाय का? पाणी जायची भोकं बुजलीत का? जॉइंटवरून जाताना गाडी नेहमीपेक्षा जास्त आदळते का? फोटो काढा, तारीख आणि ठिकाण लिहा. मग तो पूल कुणाचा ते शोधा. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, महापालिका किंवा राष्ट्रीय महामार्ग यांपैकी कुणाचा तरी तो असतोच. तक्रार योग्य टेबलावर गेली तरच उपयोग.

दुसरं, माहिती अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. तीन प्रश्न पुरेत: या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली? त्यात काय आढळलं? त्यावर काय काम केलं? सिव्हिलच्या मुलांनी तर हा प्रोजेक्टच करावा. आपापल्या गावच्या वाटेवरचा एकेक पूल किंवा बंधारा घेतला, तरी वर्षभरात अख्ख्या वर्गाचा नकाशा तयार होईल.

तिसरं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड. बॅरिकेड दिसलं की गाडी वळवायची. मागे बसलेला मित्र कितीही ‘नाद खुळा’ म्हणू दे. पुलावर गर्दी असेल तर एक रील कमी काढायचा.

यंदाही ग्रुपवर पाण्याची पातळी पडेल. पडू दे, ती सवय चांगलीच आहे. फक्त त्या खाली कुणीतरी एवढं टाइप करा: ‘आणि भावा, आपल्या पुलाची तपासणी कधी झाली?’