दोन क्रेडिटचा शनिवार

पहाटे 4.45
देगलूर. ऑक्टोबरअखेरचा शनिवार. नळाला पाणी नाही, म्हणून हापसा. दोन घागरी, दोन खेपा. मग गॅसवर तवा. सहा भाकरी होतात. चार घरच्यांना, दोन मुलीच्या डब्यात, सोबत शेंगदाण्याची चटणी. आई सातला कापूस वेचायला जाईल. वेचणीचा भाव किलोमागे दहा रुपये. मुलगी वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आज दुपारी दोनला नांदेडला तिचा पेपर आहे. विषय कॅल्क्युलस.

5.40
अर्धा तास अभ्यास. वही नाही. ती काम करते त्या दुकानातले वाया गेलेले झेरॉक्सचे कागद, एका बाजूला कोणाचा तरी सातबारा, दुसऱ्या बाजूला तिची गणितं. आत्ता एकच पुन्हा सोडवते. एक्सचा घन वजा तीन एक्स, वजा दोन ते दोनच्या दरम्यान याची कमाल किंमत किती? डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं की एक्स येतो एक आणि वजा एक. वजा एकला किंमत दोन. इथं थांबलं तर अर्धंच गणित झालं. टोकंही तपासायची. दोनलाही किंमत दोनच. म्हणजे कमाल किंमत दोन ठिकाणी. ‘टोकं’ असं लिहून ती खाली दोन रेघा ओढते.

6.50
दुकान उघडते. बसस्टँडजवळचं, दहा बाय बाराचं. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. शटर जड आहे, खांदा लावावा लागतो. झाडू, मग मशीनची काच ओल्या फडक्यानं. कागदाचं नवं रीम फोडून ट्रेमध्ये भरण्याआधी ते हातात फुलवून घेते. तसं केलं नाही तर दोन-दोन पानं ओढली जातात आणि मशीन अडकतं. लॅमिनेटर तापायला पाच मिनिटं. पगार महिन्याला 6,000. म्हणजे दिवसाला 200. कॉलेज असेल तेव्हा सकाळी तीन तास आणि संध्याकाळी, सुट्टीला पूर्ण दिवस.

7.30
पहिल्या गाड्यांनी खेड्यातली माणसं येतात. एक बाई लाडकी बहीणच्या ई-केवायसीला आली आहे. तिचा आधार झाला, ओटीपी झाला. आता नवऱ्याचा आधार आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर.
“फोन लाव माय तूच, मला नाही जमत.”
मुलगी फोन लावते. तिकडे मिक्सरचा आवाज. “दाजी, सहा आकडे आलेत का? सांगा पटकन.” चार आकडे ऐकू येतात, दोन नाही. वेळ संपतो. पुन्हा पाठवायचा. तिसऱ्या वेळी जमतं. तीस रुपये. बाई वीस देते, “दहा बाजारच्या दिवशी.” वहीत नोंद.
मग अतिवृष्टीच्या मदतीची चौकशी करायला आलेले एक आजोबा. सीमेपलीकडच्या, तेलंगणातल्या मदनूरचा एक गडी, तेलुगूत विचारतो. ती मोडकंतोडकं तेलुगू बोलते. देगलुरात दुकान चालवायचं तर तेवढं लागतंच.

9.20
स्वतःचं हॉलतिकीट काढते. दोन प्रती, एक हरवली तर असावी म्हणून. पानाचे दोन रुपये गल्ल्यात टाकते. मालक आलेत. “दादा, निघते.” “आज अर्धा दिवस लिहितो,” ते म्हणतात. यात राग नाही आणि सूटही नाही. शंभर रुपये कापले. आधार कार्ड, पाण्याची बाटली, डबा.

9.50
नांदेडची एसटी. अंतर ऐंशीएक किलोमीटर. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून सत्तरेक रुपयांत भागतं. खिडकीची जागा मिळाली नाही. नरसीपर्यंत उभी.

10.50
नरसीला जागा मिळते. ज्या कोर्सचा आज पेपर आहे, त्याचा हिशेब बसमध्येच सांगते. स्वयम पोर्टलवर एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा कोर्स. शिकायला पैसे नाहीत. परीक्षेची फी 1,000. तिच्या भाषेत पाच दिवसांचा पगार. आईच्या भाषेत शंभर किलो कापूस. आठ आठवडे, दर आठवड्याला एक असाइनमेंट, बुधवारी रात्री 11.59 च्या आत. असाइनमेंटला 25 गुण, आजच्या परीक्षेला 75. पंचवीसपैकी दहा आणि पंच्याहत्तरपैकी तीस, दोन्ही हवेत. पावसाळ्यात गावात वीज नव्हती तेव्हा एक असाइनमेंट हुकली. आठांतल्या उत्तम सहाच धरतात, म्हणून निभावलं.
सर इंग्रजीत शिकवतात. ती व्हिडिओ पाऊणपट वेगानं लावते. “एकदा ऐकायला, एकदा लिहायला, एकदा समजायला.” दीड जीबीचा रोजचा डेटा त्यातच संपतो. मग दुकानाचं वायफाय.

11.40
नायगाव मागे पडलं. कॉलेजबाहेर कॅल्क्युलस करून पदवीसाठी क्रेडिट मिळवायचं हे काम अमेरिकेत वेगळ्या रीतीनं होतं. तिथं अकरावी-बारावीच्या वयाची मुलं मे महिन्यात एपी कॅल्क्युलसची परीक्षा देतात. तिथल्या मराठी घरांतलीही. फी शंभर डॉलरच्या घरात. पाचपैकी चांगले गुण पडले की बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस सुटतं आणि क्रेडिट जमा होतं. किती गुणांना किती क्रेडिट, ते ज्या त्या विद्यापीठानं ठरवायचं. आपल्याकडे नुसत्या परीक्षेवर भागत नाही. कोर्स करावा लागतो आणि तो कॉलेजनं आधी मान्य केलेला असावा लागतो. यूजीसीच्या 2016 च्या नियमांत सत्रातले 20 टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येत. 2021 मध्ये ते 40 टक्के झाले. तिच्या अर्जावर गणिताच्या सरांची सही जुलैतच झाली. सही घ्यायला तीन चकरा.

दुपारी 12.25
नांदेड. स्टँडवरून शेअर रिक्षा, वीस रुपये. रिक्षातच एक भाकरी खाते. दुसरी परतीला ठेवते.

1.00
परीक्षा केंद्राचं गेट. पोरांची रांग, बहुतेक इंजिनिअरिंगची. पिशव्या आणि मोबाइल आत चालत नाहीत. समोरचा टपरीवाला ठेवून घेतो, नगाला दहा रुपये. त्याच्याकडे खडूनं आकडे लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे आहेत, एक पिशवीला, जोडीचा तुकडा हातात. पेपरच्या दिवसांत त्याचा चहापेक्षा हाच धंदा बरा चालतो. ती नाक्यावरून केळी आणते, दोन खाते. कानातले काढून रुमालात बांधते. आधार कार्ड, हॉलतिकीट. आत.

2.00 ते 5.00
बाहेर टपरीच्या बाकावर आई-बापांची गर्दी. एक बाप हदगावहून आलाय, मुलाला काय विषय आहे ते त्याला सांगता येत नाही. “कॉम्प्युटरचं काहीतरी आहे.” सावली सरकते तशी माणसं बाकासकट सरकतात. तीन तासांत चहाचे तीन फेरे, कप दहा रुपये.

5.10
बाहेर येते. पहिला प्रश्न टपरीवाल्याला, “काका, माझा पुठ्ठा कुठंय?” तो तिच्याच मुठीत असतो, घामानं खडू पुसलेला. टपरीवाला पिशवी ओळखून देतो.
पेपर? कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच होता, रफ कागद तिथलेच. टोकांचं गणित आलं होतं, आकडे वेगळे. आलं. इंटिग्रलची दोन सोडून दिली. एका प्रश्नाला पंचवीस मिनिटं गेली, तिथं चुकलं असं तिला वाटतं. “तीस तर पडतील. साठ पाहिजेत.” असाइनमेंट धरून एकूण साठ किंवा जास्त झाले की सर्टिफिकेटवर ‘एलिट’ लागतं. “नोकरीवाले बघतात म्हणे.”

5.50
स्टँड. देगलूरची गाडी लागलेली आहे. या वेळी खिडकी मिळते. उरलेली भाकरी, चटणी. नायगावच्या आधीच झोप लागते.

रात्री 8.20
देगलूर. घरी जायच्या आधी दुकान. मालक शटर ओढायच्या बेतात. “कसा गेला?” “बरा गेला, दादा.” “सकाळचे वीस फॉर्म पडलेत. उद्या रविवार आहे, पण ये.” रविवारचा पूर्ण दिवस लिहितील, दोनशे.
ती गल्ल्याजवळच्या कागदावर हिशेब मांडते. फी 1,000. एसटी जाता-येता 140. रिक्षा 40. पिशवी 10. केळी 10. कापलेला अर्धा दिवस 100. एकूण 1,300. रात्रीची झोप, डेटा आणि हॉलतिकिटाच्या प्रती यात धरलेल्या नाहीत. पास झाली तर तिच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात दोन क्रेडिट जमा होतील. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 लागतात.