महसीरची जात ओळखा, मगच बीज सोडा

बाजरीच्या गावरान वाणाशेजारी दुसऱ्या वाणाची पेरणी केली, तर काही हंगामांत गावरान बियाण्याची शुद्धता उरत नाही, हे आपण जाणतोच. नदीतील माशांचेही असेच असते. कावेरी नदीतील कुबड्या महसीरचे उदाहरण या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे.

महसीरच्या जाती

महसीर हा मोठ्या खवल्यांचा, वाहत्या स्वच्छ पाण्यात राहणारा मासा आहे. तो रोहूच्या मानाने सावकाश वाढतो व कमी अंडी देतो. त्यामुळे एकदा संख्या घटली की ती लवकर भरून निघत नाही. 'टॉर' या प्रजातीत महसीरच्या अनेक जाती येतात. आपल्याकडील दख्खनी महसीर, म्हणजेच खडची, ही 'टॉर खुद्री' जात होय. कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशावरून १८३९ साली तिचे वर्णन केले.

कावेरीत काय घडले?

कावेरीच्या खोऱ्यात पाठीवर कुबड असलेला महसीर आढळतो. १९४६ साली कबिनी नदीत असा सुमारे ५४ किलो वजनाचा मासा गळाला लागला होता. एवढा नावाजलेला मासा असूनही त्याची शास्त्रीय ओळख पक्की नव्हती. याच काळात लोणावळ्याजवळ वळवण येथील केंद्रात दख्खनी महसीरच्या कृत्रिम प्रजननाला यश आले. १९७०च्या दशकापासून ते बीज इतर राज्यांतही गेले व कावेरीतही सोडले गेले. हेतू चांगला होता. पण जात परकी होती. पुढे नदीत निळसर परांचा हा महसीर वाढत गेला आणि नारिंगी परांचा कुबड्या महसीर दिसेनासा झाला. धरणे, सुरुंगाने होणारी मासेमारी व प्रदूषण यांनीही त्यात भर घातली.

केरळातील पंबार या कावेरीच्या उपनदीतील लहान माशांवरून २००७ साली 'टॉर रेमादेवी' या जातीचे वर्णन झाले होते. कुबड्या महसीर हीच ती जात, हे २०१८ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

जात कशी ठरवतात?

महसीरचे ओठ, रंग व शरीराचा आकार वय, खाद्य आणि पाण्याच्या वेगानुसार बदलतात. म्हणून नुसत्या रूपावरून फसगत होते. गुणसूत्रे मोजूनही भागत नाही, कारण महसीरच्या बहुतेक जातींत ती १००च असतात. यासाठी खवल्यांची व परांतील काट्यांची मोजणी आणि डीएनए तपासणी, अशी दोन्ही अंगांनी खात्री करतात. परातील चिमूटभर तुकडा डीएनए तपासणीस पुरतो. मासा मारावा लागत नाही.

एकाच जातीतही निरनिराळ्या नद्यांतील माशांचे आनुवंशिक गुण थोडे वेगळे असू शकतात. हीच आनुवंशिक विविधता रोगराई व बदलत्या हवामानात जातीला तारते. मोजक्या नर-माद्यांपासून वर्षानुवर्षे बीज काढल्यास ती घटते.

कोणती काळजी घ्यावी?

१. बोटुकली खरेदी करताना जात व मूळ नदी यांची लेखी माहिती मागावी.

२. एका खोऱ्यातील महसीर दुसऱ्या खोऱ्यातील नदीत किंवा जलाशयात सोडू नये.

३. तळ्यातील मासे पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाणार नाहीत, यासाठी सांडव्यावर जाळी बसवावी.

४. बीजकेंद्र चालविणाऱ्यांनी जास्तीत जास्त जोड्या वापराव्यात, वेळोवेळी त्याच नदीतील नवीन प्रजनक घ्यावेत व नोंदवही ठेवावी.

५. नदीतील डोहांत मासेमारी टाळावी. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून महसीर राखले गेले आहेत. असा डोह गावाजवळ असल्यास तो जपावा.

तळ्यात चुकीचे बीज पडले, तर तळे उपसून सुधारता येते. नदी उपसता येत नाही. म्हणून बीज सोडण्यापूर्वीच खात्री करून घ्यावी.