न पेटलेला दिवा : ‘द ब्रेकफास्ट क्लब’मधील हुशार मुलगा

शाळकरी जीवनावरील चित्रपटांत हुशार मुलाच्या वाट्याला बहुधा हशाच येतो. तो बावळट असतो, खेळात मागे असतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीच इतरांना त्याची आठवण होते. अमेरिकी दिग्दर्शक जॉन ह्यूज यांनी १९८५ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’मध्ये अशाच एका मुलाला स्थान दिले. मात्र त्याच्यावर हसणाऱ्या प्रेक्षकाला एका क्षणी आपल्या हसण्याचीच लाज वाटावी, अशी त्यांनी या पात्राची रचना केली.

चित्रपटाचे कथानक एका दिवसाचे आहे. २४ मार्च १९८४, शनिवार. इलिनॉय राज्यातील शर्मर या काल्पनिक गावच्या शाळेत पाच विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून दिवसभर ग्रंथालयात बसवून ठेवले आहे. ‘मी कोण आहे’ या विषयावर प्रत्येकाने हजार शब्दांचा निबंध लिहावयाचा आहे. कुस्तीपटू अँड्र्यू, श्रीमंत घरातील क्लेअर, उद्दाम बेंडर, अबोल अ‍ॅलिसन आणि अभ्यासू ब्रायन जॉन्सन असे हे पाच जण. ब्रायनची भूमिका अँथनी मायकल हॉल याने केली आहे.

ब्रायनचे बुजरेपण त्याच्या हालचालींतून दिसते. बेंडर नुसती खूण करतो आणि ब्रायन बसलेली जागा सोडून उठतो. अंगातला कोट काढू लागतो, तोच बेंडरही कोट काढत असल्याचे पाहून थंडी वाजत असल्याचे भासवत तो पुन्हा घालतो. शिक्षकांनी प्रश्न संपवण्याआधीच उत्तर द्यायला उभा राहतो आणि दटावला जातो. बुजरा मुलगा गप्पच असतो, हा आपला समज येथे खोटा ठरतो. ब्रायन घाबरला की अधिक बोलतो, कारण कोणाचीही नाराजी ओढवून घेणे त्याला परवडणारे नाही.

ही सवय कोठून आली, हे आरंभीच्या एका छोट्या प्रसंगात कळते. शाळेच्या दारात मोटार थांबते. शिक्षेचा हा वेळही अभ्यासात घालव, असे आई बजावते. तेथे अभ्यास करू देत नाहीत, नुसते बसायचे असते, असे तो सांगतो. मग काहीतरी मार्ग काढ, असे ती सुनावते आणि धाकटी बहीणही तिचीच री ओढते. मराठीत महेश मांजरेकर यांच्या ‘शिक्षणाच्या आईचा घो’ (२०१०) या चित्रपटात गुणांसाठीचा वडिलांचा हट्ट प्रत्यक्ष संघर्षाच्या रूपाने समोर येतो. ह्यूज यांच्या चित्रपटात ब्रायनची आई क्षणभरच दिसते, पण तिचा आवाज मुलाच्या मनात दिवसभर वावरत राहतो.

ब्रायनची खरी कहाणी एका दिव्याची आहे. सरासरी गुण टिकवण्यासाठी सोपा विषय म्हणून त्याने शाळेच्या कार्यशाळेचा तास घेतला. तेथे हत्तीच्या आकाराचा दिवा बनवायचा होता. सोंड ओढली की दिवा लागावयास हवा होता, तो लागला नाही. ब्रायन त्या विषयात नापास झाला. त्रिकोणमितीत पारंगत असलेल्या मुलाला साधा दिवा बनवता येऊ नये, याची बेंडर थट्टा करतो. त्रिकोणमितीवाचून अभियांत्रिकी नाही, असे ब्रायन ऐकवतो; तर दिव्यांवाचून उजेडही नाही, असे बेंडरचे उत्तर असते. हातकामाला दुय्यम मानणाऱ्या शिक्षणव्यवस्थेवरील ही टीका विनोदाच्या ओघात येऊन जाते.

दुपार कलल्यावर पाचही जण जमिनीवर गोल करून बसतात. सोमवारी आपण एकमेकांचे मित्र असू का, असे ब्रायन विचारतो. क्लेअर प्रामाणिकपणे नकार देते आणि आपल्या मित्रमंडळींचे दडपण तुला कळणार नाही, असे म्हणते. दडपण हा शब्द ऐकताच दिवसभर सर्वांची मर्जी सांभाळणारा ब्रायन प्रथमच संतापतो, रडतो. मी येथे का आहे, ठाऊक आहे का, असे विचारून तो स्वतःच उत्तर देतो. त्याच्या कपाटात पिस्तूल सापडले होते. नापासाचा शेरा त्याला आणि त्याच्या आईवडिलांना सोसणारा नव्हता. जीव देणे हा पर्याय असूच शकत नाही, असे क्लेअर कळवळून सांगते.

मग उलगडते की ते संकटात सापडलेल्या नौकेवरून प्रकाशाचा इशारा देण्यासाठी वापरतात तसले पिस्तूल होते आणि ते कपाटातच उडाले. सगळे हसतात. यात हसण्यासारखे काही नाही, असे म्हणणारा ब्रायनही अखेर हसतो. या हसण्याने त्याचे मन हलके होते, हे खरे. पण एका विषयातील अपयशापायी मुलगा मृत्यूचा विचार करतो, ही गोष्टही त्याच हशात विरून जाते. पुढे त्याबद्दल कोणी काही विचारत नाही.

शेवट तर अधिक बोलका आहे. तू सर्वांत हुशार, असे म्हणून पाचही जणांचा निबंध ब्रायनवर सोपवला जातो. बाकीच्या चौघांच्या जोड्या जुळतात आणि ब्रायन एकटा लिहीत बसतो. आपल्याला एकेका शिक्क्यात बसवू नका, असे मोठ्यांना बजावणारा तो निबंध ज्याच्या लेखणीतून उतरतो, त्याला मात्र सोबत्यांनीही ‘हुशार’ या शिक्क्यामुळेच कामाला लावलेले असते. त्याला न्यायला आलेल्या वडिलांच्या भूमिकेत स्वतः ह्यूज क्षणभर दिसतात.

चार दशकांनंतरही हे पात्र ओळखीचे वाटते, ते यामुळेच. बेंडरचा त्रास शाळेला दिसतो, कारण तो दारे आपटतो. ब्रायन सांगितलेले सारे काम वेळेत करतो, म्हणून त्याच्या मनाची घालमेल कोणाच्या ध्यानात येत नाही. निकालाच्या दिवसांत नापास मुलाची विचारपूस करण्यास घरातील माणसे धावतात. नेहमी पहिला येणाऱ्या आणि कधीच तक्रार न करणाऱ्या मुलाजवळही थोडे बसावे, त्याला गुणांव्यतिरिक्त काही विचारावे, याची जाणीव ब्रायनची ही कहाणी करून देते.