बर्फावरील फळी व तिचा स्वभाव

शेवगांवच्या माणसास बर्फ म्हणजे वैशाखांत रसवंतीच्या ग्लासांत पडणारा खडा. डोंगरावर पुरुषभर सांचलेला बर्फ आमच्या तालुक्यांत कोणीं पाहिला असेल, तर तो लष्करांतून परत आलेल्या जवानानें किंवा अमरनाथास जाऊन आलेल्या यात्रेकरूनें. परंतु अलीकडे काळ पालटला आहे. आमच्याच घरांतून शिकून पुण्या-मुंबईस नोकरीस लागलेलीं मुलें माघ महिन्यांत रजा काढून काश्मिरांत गुलमर्गास जातात, आणि दोन्ही पाय एका लांबट फळीस बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येतात. या खेळास स्नोबोर्डिंग व फळीस स्नोबोर्ड असें म्हणतात. घरांतील वडील मंडळीस या प्रकाराविषयीं बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक फळीची किंमत व दुसरी पडण्याची भीति. या दोहोंच्या मध्यें जें समजून घेण्याजोगें आहे, तें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

हा खेळ फार जुना नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत शर्मन पॉपेन या गृहस्थानें आपल्या मुलींच्या करमणुकीकरितां दोन स्की एकमेकींस जोडून एक खेळणें केलें. पुढें १९७७ सालीं जेक बर्टन कार्पेंटर यानें व्हर्मांट प्रांतांत अशा फळ्यांचा कारखाना काढला, आणि १९९८ सालीं जपानांतील नागानो येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळालें. आपल्याकडे गुलमर्गास बर्फावर घसरण्याची परंपरा इंग्रजी अमदानीपासूनची आहे. १९४८ सालीं लष्करानेंही तेथें स्कीचें शिक्षण देणारी शाळा काढली. २००५ सालीं तेथील गंडोलाचा, म्हणजे रज्जुमार्गाचा, दुसरा टप्पा सुरू झाला व अफरवत डोंगराचा माथा सामान्य माणसाच्या आवांक्यांत आला. गुलमर्ग सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे, आणि हा रज्जुमार्ग ३,९०० मीटरांच्याही वर नेऊन सोडतो. आपल्या जिल्ह्यांतील कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे, एवढें सांगितलें म्हणजे त्या उताराची कल्पना येईल. २०२० सालीं खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा गुलमर्ग येथें भरल्या, तेव्हां त्यांत स्नोबोर्डिंगही होतें.

आतां फळीकडे वळूं. कसरतीच्या उड्यांची फळी मऊ व आंखूड असते, आणि खोल भुसभुशीत बर्फाची फळी रुंद नाकाची असते. या दोहोंच्या दरम्यान सर्व प्रकारच्या उतारांवर चालणारी एक जात आहे. तीस 'ऑल-माउंटन' म्हणतात. तिच्यांतही कांहीं फळ्या सौम्य, तर कांहीं 'आक्रमक' म्हणून विकल्या जातात. तरुणांचें मन याच आक्रमक फळीकडे ओढ घेतें. फळीस हा गुण येतो कोठून? तर आकार, बांक व ताठरपणा या तीन गोष्टींतून.

प्रथम आकार. ही फळी डमरूसारखी दोन्ही टोकांस रुंद व मध्यें अरुंद असते. तिच्या दोन्ही कडांस पोलादाची धार बसविलेली असून त्या कडा किंचित् आंत वळलेल्या असतात. समजा, बर्फास टेकणारी कड १२० सेंटिमीटर लांब आहे, टोकांशीं रुंदी २९.५ व मध्यें २५ सेंटिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक बाजूस कड सव्वादोन सेंटिमीटर आंत गेली. ज्यांनीं लहानपणीं गणित केलें आहे, त्यांस येथें धनुष्य, ज्या व शर हे शब्द आठवतील. दोन्ही शरांचा गुणाकार अर्धज्येच्या वर्गाइतका असतो, हा नियम आर्यभटानें सुमारें ४९९ सालींच सांगून ठेवला आहे. अर्धज्या ६०, तिचा वर्ग ३,६००; त्यास सव्वादोननें भागिलें म्हणजे १,६०० येतात. तेव्हां व्यास सुमारें १६ मीटर व त्रिज्या ८ मीटर झाली. फळीच्या कडेंत आठ मीटर त्रिज्येचें वर्तुळ दडलेलें आहे, असा याचा अर्थ.

माणूस फळी कडेवर कलती करतो, तेव्हां तिचीं टोकें आधीं बर्फास टेकतात व मधला भाग त्याच्या भारानें खालीं वाकतो. फळी जितकी अधिक कलेल, तितकी ती अधिक वाकते व वळण लहान होतें. कठीण बर्फावर हें प्रमाण कलाच्या कोज्येचें आहे. ४५ अंश कललेली ही फळी साडेपांच मीटरांहून थोड्या अधिक त्रिज्येचें वळण घेते, आणि ६० अंशांवर तीच त्रिज्या चार मीटर होते. सायकलस्वार जसा वळणावर आंत झुकतो, तसाच हा प्रकार आहे. साधलें म्हणजे फळी न फरफटतां बर्फांत एक बारीक रेघ कोरून जाते.

दुसरी गोष्ट बांक. आक्रमक फळी जमिनीवर ठेविली तर दोन पायांमधला भाग कांहीं मिलिमीटर उचललेला दिसतो. यास कॅम्बर म्हणतात. चढविलेल्या धनुष्याप्रमाणें हा बांक भार घेतो व वळण संपतांना परत देतो. शिवाय भार दोन पायांखालींच न राहतां सबंध कडेवर पसरतो, त्यामुळें कठीण बर्फावर पकड सुटत नाहीं. याच्या उलट, ज्या फळीचीं टोकें आधींच वर वळलेलीं असतात, ती रॉकर पद्धतीची. ती सहज वळते, परंतु वेगांत पकड कमी देते. आजच्या पुष्कळ फळ्यांत मध्यें कॅम्बर व नाकाशीं रॉकर असा मेळ घातलेला असतो.

तिसरी व मुख्य गोष्ट ताठरपणा. फळीच्या पोटांत लांकूड, त्यावर कांचतंतूचे व कधीं कार्बनचे थर, आणि तळास गुळगुळीत पॉलिएथिलीन असतें. या थरांवरून फळी किती वाकेल व किती पिळेल तें ठरतें. कारखानदार ताठरपणास एकपासून दहापर्यंत अंक देतात. परंतु हें माप सर्वांचें एक नाहीं, एकाचा सात दुसऱ्याचा पांच ठरूं शकतो.

ताठर फळी वाकावयास जोर पाहिजे, आणि तो जोर येतो वेगांतून. ताशीं २५ किलोमीटर वेगानें पांच मीटर त्रिज्येचें वळण घेणाऱ्यावर बाजूस पडणारा जोर जवळजवळ त्याच्या वजनाइतका असतो. वेग निम्मा करून तेंच वळण घेतलें तर तो जोर चौथाईवर येतो. म्हणूनच सरावलेला माणूस वेगांत असतां ही फळी त्याची आज्ञा तत्काळ मानते. दुपारीं तुडवून खडबडीत झालेल्या बर्फावरही थरथरत नाहीं व कठीण उतारावर रेघ सोडीत नाहीं. परंतु नवशिका हळू जातो, त्याच्याच्यानें फळी वाकत नाहीं, आणि न वाकलेली फळी वळत नाहीं. मऊ फळी लहानसहान चूक पोटांत घालते. ताठर फळी ती घालीत नाहीं. उताराकडील कड जरा रुतली कीं माणूस क्षणांत आपटतो व हात पुढें करतो. या खेळांत मनगटाच्या दुखापती सर्वांत अधिक होतात, त्या अशाच. खोल भुसभुशीत बर्फांतही पुऱ्या कॅम्बरची ताठर फळी मंद वेगांत नाक खुपसते, आणि तें वर ठेवण्याकरितां मागच्या पायावर भार द्यावा लागून मांडी भरून येते. वेग आला म्हणजे नाक होडीप्रमाणें वर उचललें जातें खरें, पण तो वेग सांभाळण्याची विद्या आधीं पाहिजे.

आमच्या एका पुतण्यानें, पुढें बदलावी लागूं नये म्हणून, पहिल्याच हिवाळ्यांत अतिशय ताठर फळी विकत घेतली, आणि चौथ्या दिवशीं मनगट बांधून तो परत आला. पुढचे दोन हिवाळे त्यानें भाड्याची मऊ फळी घेऊन शिक्षकाच्या हाताखालीं काढले. त्यानंतर माळ्यावरची तीच फळी त्यानें पुन्हां नेली, आणि आतां दुसरी नको म्हणतो. फळींत कांहींच फरक झाला नव्हता. मधल्या काळांत पाय शिकले होते.

तेव्हां पैसे देणाऱ्या वडिलांनीं मुलास तीन प्रश्न विचारावेत. दोन्ही कडांवरून वळणें जोडीत, न पडतां सबंध उतार उतरतां येतो काय? फळीवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेंत आपण बसतों काय? ऐंशी किलोच्या माणसाकरितां केलेली फळी पन्नास किलोच्या मुलीस लांकडी पाटच होय. आणि बूट व बांधण्या फळीच्या जोडीच्या आहेत काय? मऊ बुटांनीं ताठर फळी हुकमांत राहत नाहीं. उत्तर नकारार्थी असल्यास भाड्याची मध्यम फळी, शिरस्त्राण व मनगटाचे पट्टे यांवर खर्च करावा. तो कंजूसपणा नव्हे.

शेवटीं सर्वांत गंभीर गोष्ट. चांगली फळी धैर्य देते, आणि तें धैर्य माणसास राखलेल्या उतारावरून बाहेर ओढतें. अफरवताचा बहुतेक भाग मोकळा डोंगर आहे. मोठीं हिमस्खलनें बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि खेळणाऱ्यास गोड वाटणारे उतार तेच. फेब्रुवारी २०१० मध्यें गुलमर्गाजवळ हिमस्खलनांत १७ सैनिक गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं दोन पोलिश व फेब्रुवारी २०२४ मध्यें एक रशियन पाहुणा तेथेंच बर्फाखालीं मृत्यु पावले. पुरलेल्या माणसाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. म्हणजे त्यास वांचवावयाचें तें जवळच्या सोबत्यांनींच. याकरितां प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर नांवाचें संकेतयंत्र, शोधावयाची लांब काठी व फावडें असावें, आणि तीं वापरण्याचा सराव असावा. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचल्यावांचून व माहीतगार वाटाड्यावांचून कोणीही दोरीपलीकडे जाऊं नये.

आम्ही या खेळाच्या विरुद्ध नाहीं. थंडींत पांघरुणांत पडून राहण्यापेक्षां तरुणांनीं हिमालयाचा वारा अंगावर घ्यावा, हें आम्हांस अधिक आवडतें. मात्र घरच्या मुलास गुलमर्गास निरोप देतांना फळीच्या नांवापेक्षां त्याच्या शिक्षकाचें व वाटाड्याचें नांव वडिलांनीं आधीं विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.