तांबेऱ्याची नामांतरे आणि एका अरण्यवृक्षाचा ऱ्हास

रोगाचे नाव हे बहुधा त्याने ज्याची हानी केली त्याच्यावरून पडते. आणि हानी तीच आधी नजरेस येते, जिची झळ मनुष्याच्या व्यवहारास लागते. जंबुल कुलातील वनस्पतींवर पडणाऱ्या एका तांबेऱ्याच्या नावांचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

ह्या कवकाचे पहिले शास्त्रीय वर्णन जर्मन कवकशास्त्रज्ञ गेओर्ग विंटर ह्याने १८८४ मध्ये केले. ब्राझीलमधील पेरूच्या झाडावर ते आढळले होते, म्हणून त्याला ‘पुक्सिनिया सिडी’ हे नाव मिळाले. ‘सिडी’ हे ‘सिडियम’ ह्या शब्दाचे लॅटिन षष्ठीरूप असून त्याचा अर्थ ‘पेरूचा’ असा होतो. व्यवहारातही हा रोग ‘पेरूवरील तांबेरा’ ह्याच नावाने ओळखला जाई. पुढे १९३०च्या दशकात जमैकातील पिमेंटो ह्या मसाल्याच्या झाडांची त्याने मोठी हानी केली, आणि १९७०च्या दशकात ब्राझीलमधील निलगिरीच्या रोपवाटिका त्याच्या तडाख्यात सापडल्या. तेव्हा ‘निलगिरीवरील तांबेरा’ हे नाव रूढ झाले. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. अमेरिका खंडातील कवकाने परमुलखातून आणलेल्या झाडावर बस्तान बसवले, ह्यातच पुढील संकटाची सूचना होती. हवाई बेटांवर तो २००५ मध्ये पोचला. तेथील ओहिया ह्या स्थानिक वृक्षावर तो आढळला, तरी सर्वांत अधिक संहार झाला तो बाहेरून आणून लावलेल्या जांब ह्या झाडांचा.

एप्रिल २०१० मध्ये हा तांबेरा ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात सापडला. प्रथम त्याची ओळख ‘युरेडो रँजेली’ ह्या निकटवर्ती प्रकाराशी पटवण्यात आली आणि पेरूवरील तांबेऱ्याहून तो निराळा दिसावा म्हणून त्यास ‘मर्टल तांबेरा’ म्हटले गेले. पुढे दोन्ही एकच असल्याचे स्पष्ट झाले. डिसेंबर २०१० पर्यंत त्याचे समूळ उच्चाटन अशक्य असल्याचा निष्कर्ष निघाला होता. अखेर २०१७ मध्ये जनुकीय पुराव्याच्या आधारे हे कवक ‘पुक्सिनिया’ ह्या प्रजातीतून काढून ‘ऑस्ट्रोपुक्सिनिया’ ह्या स्वतंत्र प्रजातीत घालण्यात आले. त्याच वर्षी ते न्यूझीलंडमध्येही पोचले.

बहुतेक तांबेरे एखाद्या किंवा मोजक्याच वनस्पतींवर जगतात. गव्हाचा तांबेरा आंब्यावर पडत नाही. हा तांबेरा त्यास अपवाद होय. त्याच्या ज्ञात आश्रयवनस्पतींची संख्या ४८० च्या घरात गेली आहे. त्याची पिवळीधमक बीजुके वाऱ्याबरोबर दूरवर जातात. कीटक, माणसांचे कपडे व रोपांची ने-आण ह्यांच्याद्वारेही पसरतात. ओलसर पानावर, अंधारात व मध्यम तापमानात ती काही तासांत रुजतात, आणि पुढील दोनेक आठवड्यांत पानांवर पिवळ्या पुटकुळ्या उठून नवी बीजुके बाहेर पडतात. जून पानांना सहसा धक्का लागत नाही. रोग पडतो तो कोवळ्या पालवीवर, कोंबांवर आणि काही जातींत फुलाफळांवर.

ह्या एका गोष्टीचा परिणाम किती दूरगामी होतो, हे ‘रोडोमिर्टस सिडिऑइडिस’ ह्या वृक्षाच्या उदाहरणावरून दिसते. ‘सिडिऑइडिस’ म्हणजे ‘पेरूसारखा’. ऑस्ट्रेलियातही त्यास ‘देशी पेरू’ म्हणतात. न्यू साऊथ वेल्स व आग्नेय क्वीन्सलंड येथील वर्षावनांच्या कडेने तो वाढतो. २०१० पूर्वी तो दुर्मिळ मानला जात नव्हता. वारंवार पालवी करपल्यामुळे मोठी झाडे वठू लागली. फळे न धरल्याने बी मिळेना. मुळांपासून फुटणारे धुमारेही रोगाने मरू लागले. काही वर्षांतच पाहणी केलेल्या ठिकाणी निम्म्याहून अधिक झाडे मेलेली आढळली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यान्वये ह्या वृक्षाचा, व त्याबरोबर ‘रोडॅम्निया रुबेसेन्स’ ह्याचाही, अतिसंकटग्रस्त जातींत समावेश झाला. वृक्ष उभा दिसतो, परंतु त्याच्यामागून येणारी पिढी नाही, अशी ही अवस्था आहे.

उपाय मर्यादित आहेत. रोपवाटिकेत कवकनाशके उपयोगी पडतात. अरण्यभर त्यांची फवारणी करणे व्यवहार्य नाही. म्हणून बी व कलमे गोळा करून रोगापासून सुरक्षित जागी ती वाढवणे आणि निसर्गतः रोग सोसणारी झाडे हुडकणे, ह्यांवर भर दिला जात आहे. परंतु ज्या वृक्षास बीच धरत नाही, त्याच्या बाबतीत हे काम काळाशी स्पर्धा करणारे आहे.

पेरू, पिमेंटो, निलगिरी ही नावे ज्या क्रमाने रोगास मिळाली, तो क्रम बागाईत, व्यापार व उद्योग ह्यांच्या हानीचा आहे. देशी पेरूस बाजारात फारसे मोल नव्हते. त्यामुळे रोगाच्या नावात त्याला कधीच स्थान मिळाले नाही. मात्र त्या रोगाने अस्तित्वच धोक्यात आणले आहे ते ह्याच वृक्षाचे. नावे ज्ञानाची वाट दाखवतात. तशीच ती दृष्टीला सीमाही घालतात, हे येथे ध्यानात घेणे इष्ट ठरेल.