गाणं ऐकलं, पैसे कुणाला?

मुंबईच्या काळा घोडा भागातलं ‘रिदम हाउस’ हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. छोट्या केबिनमध्ये रेकॉर्ड ऐकून पाहायची, आवडली की विकत घ्यायची, अशी तिथली जुनी रीत.

अ‍ॅपलने २००३ मध्ये आयट्यून्सवर एकेक गाणं ९९ सेंटला विकायला काढलं, तेव्हा एका गाण्यासाठी अख्खा अल्बम घेण्याची सक्ती संपली. पुढे विकत घेणंच मागे पडलं. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. महिन्याची वर्गणी भरा, नाहीतर जाहिराती ऐका!

खरी मेख वाटणीत आहे. गाण्यामागे ठरलेला दर नसतो. वर्गणी एकत्र जमा होते आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार मुख्यतः संगीत कंपन्यांमार्फत कलाकारांपर्यंत झिरपते. कुणी महिनाभर एकाच गायिकेचे अभंग ऐकले, तरी त्या वर्गणीचा मोठा भाग लोकप्रिय गाण्यांकडेच जातो. हे अन्यायाचंच आहे. २०२४ पासून तर वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला स्पॉटिफायवर मानधनच मिळत नाही. नव्या, होतकरू कलाकारांना याचा फटका बसतो.

वस्तू हातात घेण्याची ओढ मात्र टिकून आहे. सारेगामाने २०१७ मध्ये जुन्या रेडिओसारखा दिसणारा ‘कारवां’ आणला. त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यासाठी इंटरनेट लागत नाही. बटण फिरवलं की लता, किशोर सुरू.